अकरावी सायन्सला फिजिक्सचं एकच पुस्तक घ्यायचं तर कुठलं?

शाहूपुरीकर:
पोरगी दहावीपर्यंत सेमीला होती, आता अकरावी सायन्स. मॅथ्स बरं आहे, फिजिक्सला बिचकते. मेहुणे म्हणतात एच. सी. वर्मा घे, शेजारच्या इंजिनिअरिंगच्या पोरानं तर इरोडोव आणून दिलंय. सीईटी नक्की द्यायची, जेईईचं अजून ठरलेलं नाही. तुमचं आवडतं कुठलं, आणि का?

रंकाळाकाठ:
इरोडोव आधी परत देऊन या. त्यात थिअरी जवळजवळ नाहीच, नुसती गणितं. अकरावीच्या पोरीला ते देणं म्हणजे काल तालमीत आलेल्या पोराची थेट हिंदकेसरीशी जोड लावणं.

मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचो, आता रिटायर. माझं आवडतं वर्मा सरांचंच. पण तुमच्या लेकीनं सुरुवात बालभारतीपासूनच करायची. 'बोर्डाचं' म्हणून लोक उगाच नाक मुरडतात. 2019 ला बदललेल्या अकरावीच्या पुस्तकात दुसराच धडा फिजिक्सला लागणाऱ्या गणिताचा आहे: व्हेक्टर, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन. मॅथ्सच्या तासाला डेरिव्हेटिव्ह येईपर्यंत फिजिक्सचे सर थांबत नाहीत, आणि पोरं गळतात ती तिथंच. तो धडा ऑप्शनला टाकू देऊ नका.

बारावीच्या पहिल्या धड्यात तर जत्रेतला मौत का कुआँ आहे. उभ्या भिंतीवर गाडी टिकते कशी? भिंत गाडीला आत ढकलते, त्यानं ती गोल फिरते. घर्षण वर ओढतं, त्यानं वजन पेलतं. कमीत कमी वेग निघतो √(rg/μ); r म्हणजे विहिरीची त्रिज्या, g गुरुत्वत्वरण, μ घर्षणाचा गुणांक. त्रिज्या 5 मीटर आणि μ 0.5 धरला तर सेकंदाला साधारण 10 मीटर, म्हणजे ताशी 36 किलोमीटर. गाडीवाला पैलवान असो नाहीतर काडी, वस्तुमान सूत्रात नाहीच! हे पोरांनी स्वतः काढलं की वर्गात गलका व्हायचा.

वर्मा त्याच्यावरचं. प्रत्येक धड्यामागं गणितांच्या आधी छोटे प्रश्न आहेत, ते सोडून पोरं थेट गणितांवर उडी मारतात. त्या प्रश्नांत सूत्र कामाला येत नाही, डोकंच लावावं लागतं. जेवताना एकेक विचारा, वही नको.

नीटवाली_सानेगुरुजी:
काका, नीटचा विचार असेल तर एनसीईआरटीच, म्हणजे सीबीएसईवाल्यांची पुस्तकं. पीडीएफ फुकट मिळते. फक्त धड्यांचा क्रम बघून घ्या. रोटेशन आणि फ्लुइड्स तिथं अकरावीला, आपल्या बोर्डाला बारावीला. आरसे-भिंगं उलटी, आपल्याला अकरावीत. मी दोन्ही शेजारी ठेवून वाचत होते आणि पहिले दोन महिने नुसता गोंधळ.

शाहूपुरीकर:
सर, मग वर्मांचा भाग 1 अकरावीला आणि 2 बारावीला, बरोबर?

रंकाळाकाठ:
नाही हो, तिथंच सगळे फसतात. बोर्डाच्या अकरावीत उष्णता, इलेक्ट्रोस्टॅटिक्स, सेमीकंडक्टर आहे, ते सगळं भाग 2 मध्ये. आणि भाग 1 मधलं रोटेशन, फ्लुइड्स बारावीला लागतं. दोन्ही भाग आताच घ्या, जुने चालतील. सीईटीला अकरावीचं वजन 20 टक्केच आहे, पण पाया कच्चा राहिला तर बारावीत पोरगी रडकुंडीला येईल.

शाहूपुरीकर:
समजलं. बालभारती आज आणतो. वर्मांचे दोन्ही भाग कुणाकडे जुने पडून असतील तर सांगा, घरी येऊन नेतो. पेन्सिलीच्या खुणा असल्या तरी चालतील, उत्तरं लिहिलेली नकोत.