मदत हवी आहे: बाबांची साखर, सकाळचे पोहे आणि फिरून येताना कापणारे हात (इंदूर)

रामबाग_इंदूर
बाबा ६३ वर्षांचे, वजन ७६ किलो. ताजा रिपोर्ट: उपाशीपोटी १३६, जेवणानंतर २१४, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.१. किडनीचे रिपोर्ट नॉर्मल. गोळ्या: मेटफॉर्मिन ५०० दोन वेळा, ग्लिमेपिराइड १ मिग्रॅ सकाळी. ६ वाजता गोळी घेऊन नेहरू पार्कला जातात, तासभर फिरतात, साडेआठला पोहे. हल्ली परत येताना हात कापतात, घाम फुटतो. पोळी बंद करून ज्वारीची भाकरी सुरू केली, तरी आकडा हलत नाही. पोहे सोडायला तयार नाहीत आणि चतुर्थीला साबुदाणा हवाच. नेमकं काय बदलू?

मोजूनमापून
आधी हात कापण्याचं बघा, पोह्यांचं नंतर. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. वर तासभर चालणं, म्हणजे साखर दोन्हीकडून उतरते. ही गोळी साधारणपणे नाश्त्याच्या लगेच आधी किंवा नाश्त्याबरोबर देतात. वेळ आणि डोस आजच डॉक्टरांना फोन करून विचारा. तोवर उपाशीपोटी तासभराचं फिरणं बंद. नाश्ता आधी, फिरणं नंतर.

हात कापले की जागेवर बसायचं आणि ग्लुकोमीटर लावायचं. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं, तरी कमी असेल तर तेवढंच पुन्हा. मीटर जवळ नसेल तर वाट न बघता साखर घ्या. इथे जलेबी किंवा पेढा कामाचा नाही, तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. ग्लुकोजची पुडी खिशातच हवी. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालू नका, १०८ लावा.

मेथीदाणा
रोज सकाळी कारल्याचा रस द्या, गोळ्या हळूहळू सुटतात.

मोजूनमापून
@मेथीदाणा, कृपया असं सुचवू नका. बाबांची साखर आधीच मध्येच खाली जातेय. कारलं भाजी म्हणून खुशाल खावं, रस आणि गोळी यांची अदलाबदल करू नये.

जीरावन
पोहे सोडायची गरज नाही, वजनकाटा आणा. एका माणसाला ४० ग्रॅम कोरडे जाड पोहे, त्यात साधारण ३० ग्रॅम कर्बोदकं. घरोघरी अंदाजाने घेतात ते बहुधा याच्या दुप्पट असतं, आणि आपल्याकडे फोडणीनंतर चमचाभर साखर पडते ती वेगळीच.

असं करा: मोड आलेली मटकी किंवा मूग अर्धी वाटी आधी वाफवून कोरडे करून घ्या. पोहे चाळणीत धुऊन निथळत ठेवा, भिजवत ठेवू नका. एक चमचा तेलात मोहरी, बडीशेप, मिरची, हळद, १५ ग्रॅम शेंगदाणे, मग कांदा आणि मटकी. पोहे शेवटी, झाकण ठेवून मंद आचेवर तीन-चार मिनिटं वाफ. मटकी कच्ची घातली तर ती शिजेपर्यंत पोह्यांचा लगदा होतो, आणि मग दुसऱ्या दिवशी बाबा बाहेरचे पोहे खायला जातात. साखर नाही. लिंबू, कोथिंबीर, कच्चा कांदा आणि जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला) भरपूर, फक्त त्यात मीठ असतं म्हणून वरून मीठ बेताने. सेव बेसनाची असली तरी तळलेली आणि खारी, म्हणून चिमूटभरच. कुरकुरीतपणा हवा असेल तर भाजलेले चणे कुटून घाला. सोबत जलेबी नाही, यावर मात्र तडजोड नको.

कठिया_गहू
भाकरीबद्दल. ३० ग्रॅम पिठाची पोळी म्हणजे साधारण २० ग्रॅम कर्बोदकं. भाकरी थापताना सहज ६०-७० ग्रॅम पीठ जातं, म्हणजे एक भाकरी दोन पोळ्यांच्या वर. बाबा दोन भाकऱ्या खात असतील तर आकडा का हलेल? एका जेवणाला एक लहान भाकरी किंवा दोन पातळ पोळ्या ठरवा. आधी कोशिंबीर आणि भाजी, मग घट्ट वरण किंवा उसळ, भाकरी-भात शेवटी. याच क्रमाने खाल्लं तर जेवणानंतरची साखर कमी चढते. बाफले (उकडून भाजलेले कणकेचे गोळे) ज्या दिवशी असतील त्या दिवशी भात आणि चूरमा नको, एक बाफला पुरे.

रामबाग_इंदूर
डॉक्टरांशी बोलले. गोळी आता नाश्त्याबरोबर घ्यायला सांगितली आहे. मग फिरायचं कधी, आणि मोजायचं कधी?

मोजूनमापून
सलग तासाऐवजी तिन्ही जेवणांनंतर १५-१५ मिनिटं. चढलेली साखर स्नायू तेव्हाच वापरतात. बोलता येईल पण गाता येणार नाही एवढा वेग. रात्री जेवून सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, चक्कर मारणं यात धरू नका, तिथे पाय कमी आणि तोंड जास्त चालतं. दवावर अनवाणी चालणंही नको. तळव्यांची संवेदना कमी झाली असेल तर काटा रुतलेला कळत नाही. मोजे-बूट घालून जा, रात्री तळवे बघा. छातीत दुखलं किंवा धाप लागली तर थांबून आधी तपासणी.

जेवणानंतरची साखर दोन तासांनी मोजायची, ते दोन तास पहिल्या घासापासून धरायचे. हात साबणाने धुऊन कोरडे करा. फळ कापलेल्या बोटावरून रीडिंग खोटं वाढतं. आधी उपाशीपोटीचं घ्या, मग एक दिवस नाश्त्याचं, एक दिवस रात्रीच्या जेवणाचं, म्हणजे कोणतं ताट गडबड करतंय ते कळेल. बऱ्याच जणांसाठी जेवणाआधी ८० ते १३० आणि दोन तासांनी १८० च्या आत हे लक्ष्य असतं, बाबांचं डॉक्टर ठरवतील.

जीरावन
चतुर्थीचं राहिलं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, शेंगदाण्याच्या कुटाने चढण जरा मंदावते, एकूण तेवढंच राहतं. राजगिऱ्याच्या ५० ग्रॅम पिठात किसलेली काकडी किंवा दुधी घालून थालीपीठ करा, सोबत वाटीभर दही. भगर करायची तर तीही ४० ग्रॅमच. दिवसभर उपाशी राहून चंद्रोदयाला जेवायचं असेल तर त्या दिवशी ग्लिमेपिराइडचं काय करायचं हे आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारून ठेवा.