घरी रचलेले जग: आधी खंड की आधी गाव?

कौलारू:
टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिकाखेळांसाठी स्वतःचे काल्पनिक जग रचू पाहणारे अनेक नवे गेम मास्टर, म्हणजे जग आणि प्रसंग मांडून खेळ चालवणारे, पहिला डाव मांडण्याआधीच खंडांचे नकाशे, राजघराण्यांच्या वंशावळी आणि हजार वर्षांचा इतिहास लिहायला बसतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. एक गाव, त्या गावावरचे एक संकट आणि दिवसभराच्या चालीत गाठता येईल असे धोक्याचे एक ठिकाण एवढे पक्के करावे व खेळ सुरू करावा. पुढचे जग खेळाडू जिकडे वळतील तिकडे वाढवीत न्यावे.

या छंदाची सुरुवात अशीच झाली आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाचे एक निर्माते डेव्ह आर्नेसन यांचे ब्लॅकमूर हे जग एक किल्ला, त्याखालची भुयारे आणि लगतची वस्ती यांभोवती उभे राहिले. त्यांचे सहनिर्माते गॅरी गायगॅक्स यांनी अमेरिकेतल्या लेक जिनिव्हा येथे ग्रेहॉक या जगाचा खेळ मांडला, तेव्हा त्याच्या केंद्रस्थानी पडक्या गढीखालची तळघरे होती; त्या जगाचा नकाशा छापील स्वरूपात आला तो १९८० साली. १९७४ च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या मूळ नियमांत तर रानावनातल्या प्रवासासाठी ‘आउटडोअर सर्व्हायव्हल’ या दुसऱ्याच खेळाचा पट वापरण्याची सूचना होती. ज्यांनी हा खेळ घडवला त्यांचे काम उसन्या रानावर भागले, तर आपण पहिल्या दिवशी सात समुद्र कशासाठी रेखाटायचे?

माझ्या सध्याच्या कॅम्पेनचे, म्हणजे अनेक डाव चालणाऱ्या कथेचे, पहिले पान एवढेच होते: गावची विहीर आटली आहे, वरच्या अंगाला असलेल्या मठाने ओढा अडवला आहे, आणि मठात गेलेला पाटलाचा मुलगा परतलेला नाही. मठ कोणत्या देवाचा, हे मी तेव्हा ठरवलेही नव्हते. खेळाडूंनी मठाच्या दारावर थाप मारली, तेव्हा ते ठरले.

घाटवाट:
कौलारू, आपण दिलेले दाखले खरे आहेत, पण निवडक आहेत. एड ग्रीनवुड यांनी ‘फरगॉटन रेल्म्स’ हे जग रचायला घेतले ते हा खेळ बाजारात येण्याच्या कितीतरी आधी, लहानपणी, स्वतःच्या गोष्टींसाठी. एम. ए. आर. बार्कर यांचे टेकुमेल हे जग १९७५ साली खेळाच्या रूपाने प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यामागे अनेक वर्षांचे काम, स्वतंत्र लिपी आणि व्याकरणासह घडवलेली भाषा होती. एवढे ज्ञान खेळाडूंवर लादले जाऊ नये म्हणून त्यांनी केलेली योजना मला फार शहाणपणाची वाटते: खेळाडूंची पात्रे लहान होडीतून जकाला बंदरात उतरलेली परदेशी माणसे असत, त्यामुळे त्यांना काहीच ठाऊक नसणे हे कथेतच स्वाभाविक ठरे. जग सखोल असले म्हणजे खेळ जड होतो, हा समज त्यामुळे टिकत नाही.

दुसरे असे, की भूगोल आधी ठरवला की संघर्ष आपोआप निर्माण होतो. नाणेघाटाचेच पाहा. जुन्नरहून कोकणातल्या बंदरांकडे उतरणारी वाट, तिथे सातवाहनांच्या काळातले लेणे आणि शिलालेख, आणि घाटमाथ्यावर जकातीसाठी वापरला जात असे असे सांगितला जाणारा दगडी रांजण. डोंगराची रांग आणि किनारा कागदावर आला, की माल कुठून उतरणार, जकात कोण घेणार आणि ती चुकवण्यासाठी आडवाट कोण शोधणार, हे सगळे ओळीने सुचत जाते. महाबळेश्वरला धो धो पाऊस आणि त्याच सातारा जिल्ह्यातला माण तालुका कोरडा, हे डोंगरामुळे घडते. आपल्या गावची विहीर का आटते, याचे उत्तर मला मठाच्या आधी डोंगरात शोधावेसे वाटते.

शर्वरी:
मी गेम मास्टर नाही, केवळ खेळाडू आहे, आणि त्या बाजूने कौलारूंच्या म्हणण्याला दुजोरा देते. जग पुरे झालेले असले की माझ्या पात्राला त्यात जागा उरत नाही. मागे एका गटात मी नदीच्या पात्रातले दिवे सांभाळणाऱ्या देवीची पुजारीण होऊ इच्छीत होते. देवमंडळ ठरलेले आहे, त्यातूनच निवडा, असे मला सांगण्यात आले. सध्याच्या गटात तीच देवी आम्ही सर्वांनी मिळून घडवली. तिच्या नावाने घेतलेली शपथ मोडली की नावाडी त्या माणसाला होडीत घेत नाहीत, हा नियम दुसऱ्याच खेळाडूने सुचवला, आणि तो आजवर आम्हाला दोनदा नडला आहे.

शिवाय २००२ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची प्रकाशक कंपनी विझार्ड्स ऑफ द कोस्टने नव्या जगासाठी प्रस्ताव मागवले, तेव्हा पहिल्या फेरीसाठी एकच पान मागितले होते. प्रस्ताव अकरा हजारांवर आले आणि त्यांतून कीथ बेकर यांचे एबेरॉन निवडले गेले. जगाचा जीव एका पानात दिसत नसेल, तर तो शंभर पानांतही दिसेल असे मला वाटत नाही.

घाटवाट:
शर्वरीताई, देवीची जागा राखून ठेवायलाच हवी होती, हे मान्य. परंतु आपण सर्वजण एक गोष्ट विसरतो आहोत. जग कोरे नसतेच. नियमांनी ते आधीच अर्धे भरलेले असते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीत मृताला उठवण्याचा ‘रेझ डेड’ हा मंत्र आहे. मृत्यूला दहा दिवसांहून अधिक काळ लोटलेला नसावा, आणि पाचशे सुवर्णमुद्रांचा हिरा त्यात खर्ची पडतो. म्हणजे ज्याच्या ताब्यात हिऱ्याची खाण, त्याच्या घरातले मरण वेगळे. राजा मेला असे कितव्या दिवशी जाहीर करायचे? वारसाने अकराव्या दिवसापर्यंत थांबायचे का? खून करणारा प्रेत लपवण्यासाठी एवढा का धडपडतो? हे प्रश्न पाटलाच्या हरवलेल्या मुलालाही लागू आहेत, आणि त्यांची उत्तरे एका गावात सापडत नाहीत.

कौलारू:
मुद्दा मोलाचा आहे, तरी तो माझ्या क्रमाला बाधा आणत नाही. हा मंत्र पुजारी पात्राला अनुभवाच्या नवव्या पातळीवर मिळतो आणि माझ्या खेळाडूंची पात्रे तिसरीवर आहेत. पाटलाकडे पाचशे मुद्रा नाहीत, हे त्याच्या गळक्या छपरावरून खेळाडूंना दिसते. हिऱ्यांचा व्यापार मी तेव्हा रचीन, जेव्हा त्यांच्यापैकी कोणाचे प्रेत समोर असेल आणि उरलेले सगळे दिवस मोजत असतील.

घाटवाट:
पाटलाकडे मुद्रा नाहीत, परंतु मठाकडे असतील. ओढा अडवणारा मठ श्रीमंतच असणार, आणि तिथला महंत नवव्या पातळीचा नसेल कशावरून? मुलगा मेलेला सापडला, तर पुढच्याच डावात पाटील महंताच्या पायांवर डोके ठेवील. तेव्हा महंत हिरा आहे म्हणतो की नाही म्हणतो, आणि त्याच्या बदल्यात गावाकडून काय मागतो, हे आपण आज रात्रीच ठरवून ठेवावे, असा माझा आग्रह आहे.