मदत हवी आहे: आत्यांनी आणलेल्या पुड्यांना नाही कसं म्हणू?

नमस्कार मंडळी. मी बेळगावची, शहापूर भागात राहते, मराठी शाळेत शिकवते. वय 43. गेल्या वर्षी सकाळी उठल्यावर दोन्ही हातांची बोटं तासभर वळेनाशी झाली, खडू धरवेना. रक्ताच्या तपासणीत आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी दोन्ही पॉझिटिव्ह आले, म्हणजे स्वतःचीच प्रतिकारशक्ती सांध्यांवर उलटण्याचा आजार, र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. मेथोट्रेक्सेट चालू आहे, आठवड्यातून एकदाच, रविवारी रात्री. सोमवारी फॉलिक ॲसिड. गुण यायला 6 ते 12 आठवडे लागतील असं डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, आणि तसाच तो सावकाश आला. रक्ताच्या आणि लिव्हरच्या तपासण्या वेळच्या वेळी होतात. तेव्हा कृपा करून औषध सुचवू नका. सुचवणारे माझ्याकडे भरपूर आहेत, विचारायचंय ते त्यांच्याबद्दलच.

आजाराची बातमी शहापुरातून निपाणी, गडहिंग्लजपर्यंत कधी पोचली कळलंच नाही. शेजारच्या काकू करोनापासून गुळवेलीचा काढा करतात, आता रोज एक पेला कुंपणावरून माझ्या हातात येतो. एक सर तांब्याचं कडं घेऊन आले. एका बाईंनी वांगं, बटाटा, हरभरा डाळ आणि आंबट बंद करायला सांगितलंय. डब्यात काय आणू तेही आता त्यांनाच विचारणार आहे. नवऱ्याच्या मित्रानं मोबाईलवर शोधून "वहिनी, हे तर कॅन्सरचं औषध!" असं जाहीर केल्यापासून घरात घबराट. (आहेच ते कॅन्सरचं. पण तिथला डोस कितीतरी मोठा असतो, आणि सांध्यांसाठी ते 1980 च्या दशकापासून सर्रास दिलं जातं. हे इतक्यांदा सांगून झालंय की आता चौथीतल्या पोरांनाही पाठ असेल.)

यातलं बहुतेक मी हसून सोडून देते. कडं पर्समध्ये पडलंय. काढा तुळशीच्या कुंडीत जातो, तुळस अजून तरी ठणठणीत आहे.

अडलंय ते आत्यांपाशी. सासऱ्यांची बहीण, गोकाककडे असतात. लग्न होऊन आले तेव्हा मला कन्नडचा गंध नव्हता, बाजारात बोलायला त्यांनी शिकवलं. बाळंतपणात अंगाला तेल लावलं तेही त्यांनीच. त्या पहाटेच्या बसनं तिकडच्या एका नाटी (गावठी झाडपाल्याच्या) औषधवाल्याकडे गेल्या, रांगेत उभ्या राहिल्या आणि करदंटाच्या डब्यासोबत माझ्यासाठी पुड्या घेऊन आल्या. वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली तपकिरी पूड. चिमूटभर तळहातावर पसरली तर मध्ये पांढरे कण दिसतात, गोळी ठेचावी तसे. नाव नाही, गाव नाही, पेनानं लिहिलेलं फक्त 'बेळिग्गे' (कन्नडमध्ये सकाळी) आणि 'रात्री'. रोज संध्याकाळी फोन: "घेतलीस काय गे? घेऊन तर बघ की. एवढ्या लांबून आणलंय मी."

मी घेतली नाही. सासूबाईंनी घेतली, त्यांच्या गुडघ्यांसाठी. त्यांचं दुखणं झिजेचं, माझा आजार वेगळा, पण पुडी एकच! तिसऱ्या दिवशी त्या देवासमोर मांडी घालून बसल्या. मग आत्यांनी त्यांच्यासाठी आणखी पुड्या पाठवल्या. आता महिना झालाय. चेहरा गोल दिसतोय, भूक वाढलीय, रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात दिवा लागलेला असतो. त्यांना बीपी आहे. घरचे म्हणतात, "आई मांडी घालायला लागल्या, तू बस रक्त तपासत." मला स्टेरॉइडचा संशय येतोय, कारण झाडपाला इतक्या झटपट गुण देत नाही. पण तोंड उघडलं की मी आत्यांवर विष दिल्याचा आळ घेतल्यासारखं होणार.

आत्यांना काय सांगू? 'घेते' म्हणवत नाही, 'घेत नाही' म्हटलं तर 'तुमच्या हातचं नको' असा अर्थ निघतो. आणि आईंचं काय करू? पुड्या गुपचूप फेकून द्याव्यात असंही वाटून जातं.

---

खानापूरवाला: ताई, एकदा घेऊन बघायला काय हरकत आहे? आमच्या काकांना फरक पडला. आयुर्वेद हजारो वर्षांचा आहे. सरकारनं पारंपरिक औषधांची राष्ट्रीय संस्था आपल्या बेळगावातच काढलीय, ती काय उगीच?

धागाकर्ती: ती आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) संस्था आहे आणि तिथं संशोधन चालतं. म्हणजे तपासून बघावं लागतं हे सरकारलाही मान्य आहे. या पुडीत कुठली वनस्पती आहे तेवढं सांगा, वयाचं मग बघू.

गोळ्यांची बरणी: ताई, पुड्या फेकू नका, आईंचा डोस मनानं बंद करू नका. मी फार्मसीत आहे म्हणून कळकळीनं सांगतेय. महिनाभर रोज स्टेरॉइड पोटात गेलं असेल तर शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे आपलं नैसर्गिक स्टेरॉइड, बनवायचं कमी करतं. मग एकदम थांबवलं की गळून जाणं, उलट्या, बीपी कोसळणं, प्रसंगी जिवावर बेतणं. याच आठवड्यात उरलेल्या पुड्या कागदासकट घेऊन फिजिशियनकडे जा. बीपी, शुगर बघतील, सकाळी आठच्या सुमारास कॉर्टिसॉल करायला सांगतील, आणि हळूहळू कसं उतरवायचं ते तेच ठरवतील. त्याआधी जास्त गळाठा किंवा उलट्या झाल्या तर थांबू नका, तडक दवाखाना गाठा.

कारखान्यात बनवून विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक औषधालाही 1940 च्या औषध कायद्यानं परवाना लागतो. लेबलवर उत्पादकाचं नाव, परवाना क्रमांक, बॅच, घटक हवेत. तुमच्या पुडीवर तर नुसती वेळ आहे. आणि काढा कुंडीत जातोय ते उत्तम. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेले रुग्ण नोंदवले, त्यांत काहींना आधीपासून ऑटोइम्यून (तुमच्यासारखे, प्रतिकारशक्ती उलटण्याचे) आजार होते. आयुष मंत्रालयानं ते मानलं नाही, वाद आहे. पण मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यानं त्या वादात आपलं लिव्हर कशाला घालायचं?

चंदगडची सून: आत्यांना डॉक्टरकडे सोबत न्या. "पुडी कुठून आणली, कशी घ्यायची, हे तुम्हालाच नीट सांगता येईल" म्हणा. म्हणजे आळही येत नाही आणि जे ऐकायचं ते डॉक्टरांच्या तोंडून ऐकतील. स्टेरॉइड हा शब्द तुम्ही काढूच नका. फोनवर रोज विचारतात त्याचं उत्तर एकच ठेवा, "या गोळीबरोबर दुसरं काही पोटात घ्यायला डॉक्टरांची मनाई आहे." वाईटपणा डॉक्टरांकडे जाऊ दे, त्यांना सवय असते. आणि पोटात घ्यायचं सोडून त्यांच्याकडे दुसरं काहीतरी मागा. तुम्हीच लिहिलंय, तेल लावायच्या म्हणून.

खानापूरवाला: ॲलोपॅथीवाले पण स्टेरॉइड देतातच की.

गोळ्यांची बरणी: देतात. नाव, मिलिग्रॅम आणि किती दिवस ते चिठ्ठीवर लिहून देतात.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. आईंसाठी परवाची वेळ घेतलीय. घरच्यांना 'बीपी दाखवून येऊ' एवढंच सांगितलंय. आत्या येणार आहेत. म्हणाल्या, "येते की. त्या डॉक्टरला कन्नड येतं काय पण? मला त्याला चार गोष्टी विचारायच्या आहेत." येतं. तेलाचं विचारलं तर उद्याच्याच बसनं निघते म्हणाल्या, हात मात्र अलगद धरा असं सांगून ठेवलंय. आता एकच राहिलं: पुडीत स्टेरॉइड आहे का हे खाजगीत तपासून देणारी लॅब बेळगाव, हुबळी किंवा कोल्हापूरकडे कुणाला माहीत आहे का? साधारण खर्च किती येतो?