टास्मानियाचे मूळ लोक खरंच संपले का?

रानवाट: सामान्यज्ञानाच्या एका जुन्या पुस्तकात ट्रुगानिनी (मृत्यू १८७६) ही टास्मानियाची शेवटची आदिवासी असं छापलंय. मग आज स्वतःला पलावा, म्हणजे टास्मानियाचे मूळ लोक, म्हणवणारे कोण?

दर्यावर्दी: १८३०च्या ‘ब्लॅक लाइन’मध्येच, म्हणजे माणसांची रांग लावून आदिवासींना हाकायच्या सरकारी मोहिमेत, बहुतेक मारले गेले ना?

जुनी_कात्रणं: नाही हो, ती तर सरकारची फजितीच. लेफ्टनंट गव्हर्नर आर्थरने सैनिक, वसाहतवाले, कैदी अशी सुमारे २,२०० माणसं हाकाऱ्याला लावली. हाती लागले दोन, मेले दोन! खरा संहार रोजच्या हल्ल्यांत झाला. मेंढ्यांसाठी बळकावलेली कुरणं म्हणजे यांचीच कांगारूंची राने. गोरे रात्री शेकोट्या हेरून गोळ्या झाडत, हे दिवसा शेतघरांवर भाले घेऊन तुटून पडत. ऑयस्टर बे टोळीचा म्होरक्या टोंगरलाँगेटर एक हात गमावूनही लढत राहिला. १८३१च्या अखेरीस बोलणी झाली आणि जानेवारीत होबार्टात चालत आले ते फक्त २६ जण. एवढ्यांनी वसाहतीची झोप उडवली होती. मग त्यांची रवानगी फ्लिंडर्स बेटावर. तिथल्या वायबालेना या वस्तीत साथीच्या आजारांनी माणसं जात राहिली. १८४७ला तिथून हलवले तेव्हा पन्नासही उरले नव्हते.

रानवाट: म्हणजे संपलेच की?

जुनी_कात्रणं: थांबा. सील मारणाऱ्यांनी बास सामुद्रधुनीतल्या बेटांवर कितीतरी बायका पळवून नेल्या होत्या. आजचे बरेच पलावा त्यांचे वंशज. मटनबर्ड या समुद्रपक्ष्याची पिल्लं बिळांतून काढणं, शंखांच्या माळा ओवणं त्या बायकांनी चालू ठेवलं. केप बॅरन बेटावर वस्ती टिकली. फॅनी कॉक्रेन स्मिथ तर वायबालेनालाच जन्मली आणि ट्रुगानिनीनंतर जवळपास तीस वर्षं जगली. १८९९ आणि १९०३ मध्ये तिची गाणी मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनिमुद्रित झाली. तरीही ‘शेवटची’ ट्रुगानिनीच! माझ्या मते त्यात सोय होती: वारसच नाही म्हटलं की जमीन मागणार कोण? आपल्या देहाची चिरफाड होऊ नये असं ती सांगून गेली होती, तरी तिचा सांगाडा १९४७पर्यंत संग्रहालयात मांडलेला होता. दहन झालं ते १९७६ला.

दर्यावर्दी: आणि जमीन?

जुनी_कात्रणं: १९९५च्या कायद्याने काही जागा परत मिळाल्या, रिस्डन कोव्ह त्यातलीच, आदिवासींचं १८०४चं हत्याकांड तिथलंच. वायबालेना १९९९ला, केप बॅरनची सरकारी जमीन २००५ला. मुख्य बेटावर मात्र अजून फारच थोडी.