मदत हवी: मुलाला जबरदस्तीने भरतीची तयारी, मुलीला मात्र एनडीएला नकार

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातली. आमच्या भागात घरटी एक फौजी. माझे मिस्टर मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झाले.

मुलगा बारावी झालाय, मुलगी अकरावी सायन्सला. मिस्टर रोज पहाटे पाचला मुलाला कालव्याच्या रस्त्याला सोळाशे मीटर पळवतात. त्याला भरती नकोच आहे, आयटीआयला मोटार मेकॅनिक करायचंय. परवा पळून आला आणि उंबऱ्याशीच उलटी झाली. मी पाणी द्यायला गेले तर हे म्हणाले, "कुरवाळू नको, बायल्या करशील त्याला." पोरगं खाली मान घालून चूळ भरत राहिलं. आणि त्याचा टाइम लावायला मोबाइल घेऊन रोज रस्त्यावर उभी कोण, तर मुलगी, जिला खरंच फौजेत जायचंय. "पप्पा, मी पण पळते" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "तू टाइम बघ."

मी यांना खडकवासल्याच्या एनडीएचं, म्हणजे बारावीनंतर फौजेचे ऑफिसर घडवणाऱ्या प्रबोधिनीचं सांगितलं. 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने मुलींना एनडीएच्या परीक्षेला बसू दिलं, 2022 ला पहिल्या 19 मुली दाखल झाल्या, 30 मे 2025 ला 17 जणी पास आउट झाल्या. तर म्हणे, "होऊ देत ऑफिसर, पोरीची ऑर्डर जवान मानत नाही." त्याआधी फौजेतल्या महिला ऑफिसरांच्या खटल्यात सरकारनेही सुप्रीम कोर्टात हेच मांडलं होतं, की खेड्यातून आलेल्या जवानांची बाईचा हुकूम घ्यायची मानसिकता नाही. 17 फेब्रुवारी 2020 च्या निकालात कोर्टाने ते फेटाळलं. मला ते वाचून फार लागलं. खेड्यातला जवान म्हणजे आमच्याच घरातली पोरं ना? त्यांना हे शिकवतं कोण? एवढं बोलले तर हे ताटावरून उठून गेले. इन्फंट्री, म्हणजे पायदळ, मुलींना अजून बंद आहे, आणि यांच्या लेखी इन्फंट्री हीच फौज, त्यामुळे माझं बोलणं तिथेच अडतं.

कुणाची मुलगी एनडीएच्या लेखीतून एसएसबीपर्यंत, म्हणजे ऑफिसर निवडीच्या मुलाखतीपर्यंत गेली असेल तर अकरावीपासून पळण्याची तयारी कशी करून घेतली, ते सांगा. मुलींसाठी नाशिकला सरकारी तयारी संस्था आहे, तिथल्या पालकांनीही लिहावं. मुलाच्या बाबतीत तर मला काहीच सुचत नाही. तो हल्ली जेवायलाही यांच्यासमोर बसत नाही.

आणि इथे कुणी माजी सैनिक असतील, तर यांच्याशी एकदा फोनवर बोलाल का? माझं ऐकत नाहीत, फौजीचं ऐकतात.