मदत हवी आहे: हा नकाशा डॉल्फिनचा आहे की डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटींचा?

कोथरूडची_केतकी

नमस्कार मंडळी,

धागा जरा तांत्रिक आहे. पण इथे आकडेमोडवाले आहेत, सिंधुदुर्गातले आहेत आणि समुद्रावर काम केलेलेही आहेत, म्हणून दुसरीकडे न जाता इथेच विचारते.

मी हिंजवडीत विम्याच्या दाव्यांचे अंदाज बांधणारी मॉडेल्स बनवते. माझी एक मैत्रीण मालवणला सागरी जीवांवर काम करणाऱ्या छोट्या संस्थेत आहे. त्यांच्याकडे हम्पबॅक डॉल्फिनच्या, म्हणजे तिकडचे मच्छीमार ज्याला गादा म्हणतात त्याच्या, काही वर्षांच्या नोंदी आहेत. तारीख, जीपीएस, कळपात अंदाजे किती, पिल्लं होती का, एवढंच. त्यावरून गादा कुठे असण्याची शक्यता जास्त, याचा नकाशा त्यांना हवाय. बोटींचा वेग कुठे कमी ठेवायचा आणि वर्षभर लक्ष कुठे ठेवायचं, हे त्यावरून ठरवणार आहेत. ही जात आययूसीएनच्या यादीत संकटग्रस्त आहे आणि आपल्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत. तेव्हा नकाशा चुकला तर नुसतं हसं होऊन भागणार नाही.

नोंदी सगळ्या 'दिसला' अशा आहेत. 'गेलो पण नाही दिसला' अशी एकही नाही. म्हणून मॅक्सेंट वापरलं, म्हणजे नुसत्या 'दिसला'च्या नोंदींवरून प्राण्याला मानवणारी जागा शोधणारं मॉडेल. खोली गेब्को या समुद्रतळाच्या नकाशातली, तापमान, क्षारता आणि क्लोरोफिल बायो-ओरॅकल या सागरी माहितीच्या संचातून, शिवाय किनाऱ्यापासूनचं आणि खाडीच्या मुखापासूनचं अंतर. एयूसी (मॉडेल किती अचूक ओळखतं याचा आकडा, १ म्हणजे पैकीच्या पैकी, ०.५ म्हणजे नुसता छापा-काटा) ०.९३ आला. मैत्रीण खूश, मी नाही. विम्यात एवढा आकडा आला की आम्ही आधी डेटात काय गडबड आहे ते शोधतो.

नकाशा उघडला तर लालभडक डाग कुठे? देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती आणि निवतीला. जिथून जिथून पर्यटकांना डॉल्फिन दाखवायच्या बोटी सुटतात, नेमकं तिथेच. मधला किनारा निळा, कोरा. आणि सगळ्यात जास्त वजन 'किनाऱ्यापासूनचं अंतर' या चलाला. पंचाईत अशी की गादा खरोखरच किनाऱ्यालगतचा प्राणी आहे, साधारण २५-३० मीटर खोलीच्या आत वावरणारा. बोटीही त्याच पाण्यात फिरतात. मॉडेल प्राणी शिकलंय की बोट, हे वेगळं कसं काढायचं?

दुसरं, संस्थेला २०५० चाही नकाशा हवाय. भविष्यातल्या तापमानाचे थर बायो-ओरॅकलवर तयार मिळतात. बटण दाबलं की नकाशा येईल. दाबू का?

आर येतं, पायथन येतं. समुद्र येत नाही. आगाऊ धन्यवाद.

मुळशीचं_धुकं

पुण्यात बसून डॉल्फिन! मुठेत जलपर्णीखाली काही सापडतंय का, तेही एकदा मॉडेलला विचारा. (हलकं घ्या. वाचनखूण साठवली आहे.)

आकडेमोड्या

चाचणीच्या नोंदी कशा वेगळ्या काढल्यात? रँडम ७०-३० (७० टक्के शिकायला, ३० टक्के परीक्षेला) असेल तर ०.९३ विसरा. एकाच सकाळी, अर्ध्या किलोमीटरवर घेतलेल्या दोन नोंदींपैकी एक शिकायला गेली आणि दुसरी परीक्षेला, तर तो फुटलेला पेपरच झाला. किनाऱ्याचे पट्टे पाडा, एक अख्खा पट्टा बाजूला ठेवून बाकीच्यांवर शिकवा. आरमध्ये ब्लॉकसीव्ही नावाचं पॅकेज याच कामासाठी आहे. आकडा पडेल. पडू दे.

आणि बॅकग्राउंड पॉइंट, म्हणजे 'दिसला'शी तुलना करायला मॉडेल समुद्रातून उचलतं ते बिंदू, कुठवर विखुरलेत? खोल समुद्रातलं पाणी गादाचं नाही, हे सांगायला मॉडेल कशाला हवं? पण असे सोपे पॉइंट भरपूर मिसळले की एयूसी आपोआप चढतो. शिवाय तुमच्याकडे 'नाही दिसला' नाहीच, तेव्हा एयूसीपेक्षा बॉइस इंडेक्स हा दुसरा मापक बघा. तो फक्त 'दिसला'च्या नोंदींसाठीच आहे.

कोथरूडची_केतकी

पट्टे पाडून आत्ता चालवलं. ०.७१. देवबागचा पट्टा बाहेर ठेवला की त्याहून खाली. बॅकग्राउंड १०० मीटर खोलीपर्यंत होतं, ते ४० वर आणते.

खारा_वारा

मी मूळचा देवबागचा, नोकरीमुळे वारज्यात. काकाची बोट आहे, सीझनला अजून जातो. मॉडेलमधलं मला कळत नाही, पण तिकडे काय होतं ते सांगतो.

सकाळी सात-साडेसातला पहिली बोट बाहेर पडते. तिला गादा दिसला की तांडेल लगेच बाकीच्यांना फोन लावतो आणि अर्ध्या तासात सात-आठ बोटी त्याच कळपाभोवती. ताईंच्या मैत्रिणीकडे प्रत्येक बोटीवरून नोंद येत असेल तर एकच कळप आठ वेळा मोजला गेलाय. दहा-अकरानंतर वारा सुटतो, पाणी पांढरं व्हायला लागतं, मग पाठीवरचा पंख दिसणं मुश्कील. कोणी लांब जात नाही. मे अखेरपासून ऑगस्टपर्यंत पर्यटनाच्या बोटी बंद, म्हणजे पावसाळ्यातलं तुमच्याकडे काहीच नसणार. ते हवं असेल तर खाडीच्या तोंडाशी पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकणाऱ्यांना विचारा, ते पावसातही तिथेच असतात.

आणि तो निळा पट्टा. तिथे मी स्वतः गादा भरपूर बघितलाय. पर्यटक घेऊन कोणी तिकडे जात नाही, डिझेल परवडत नाही म्हणून.

ओहोटी

केतकीताई, खारा वारा यांनी तुमचं अर्धं काम केलंय. त्यांनी सांगितलेलं सगळं मॉडेलमध्ये घालता येतं.

आधी नोंदी विरळ करा: एका दिवशी, ठरावीक अंतरात, एकच नोंद. मग बॅकग्राउंड समुद्रभर टाकू नका, बोटी जिथे गेल्या तिथूनच उचला. जीपीएस ट्रॅक असतील तर उत्तम. नसतील तर त्याच बोटींवरून झालेल्या बाकीच्या नोंदी घ्या: कासव, पक्षी, समुद्रसाप, जे असेल ते. ओबिस आणि जीबिफ या जीवांच्या नोंदींच्या खुल्या जागतिक साठ्यांवरही त्या भागातल्या काही मिळतील. आता 'दिसला' आणि बॅकग्राउंड या दोन्हींत बोटींचा कल सारखाच आला. त्यानंतरही किनाऱ्यापासूनच्या अंतराचं वजन टिकलं तर ते बरंचसं प्राण्याचं. उतरलं तर बोटीचं होतं.

थरांबद्दल. मालवण सागरी अभयारण्य १९८७ चं, क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर. बायो-ओरॅकलची जुनी चौकट साधारण ९ किलोमीटरची, नवी ०.०५ अंशाची, म्हणजे साडेपाचच्या आसपास. अख्खं अभयारण्य जवळपास एका चौकटीत मावतं! किल्ल्याच्या अलीकडे आणि पलीकडे काय फरक आहे, हे तापमानाचा तो थर सांगूच शकत नाही. सगळा भार खोलीवर आणि अंतरावर पडणार, आणि तुमच्याकडे तेच झालंय. तापमानाला एमयूआर हा उपग्रहांवरून काढलेला एक किलोमीटर चौकटीचा थर वापरून बघा. क्लोरोफिलवर मात्र माझा अजिबात विश्वास नाही, निदान खाडीच्या मुखाशी. गढूळ पाण्यातला गाळ उपग्रहाला क्लोरोफिलसारखा दिसतो आणि जून ते सप्टेंबर ढगांमुळे मुळात दिसतंच कमी. काढून टाका.

२०५० चं बटण दाबू नका. आजच्या नोंदींत जे तापमान आलेलंच नाही, तिथे मॉडेल काहीही बोलेल. मेस नकाशा (मॉडेलने शिकताना न पाहिलेली परिस्थिती कुठे आहे ते दाखवणारा) काढलात तर किती भागात ते हवेत बोलतंय ते दिसेल. आणि डॉल्फिन तापमान खात नाही, मासे खातो. केरळात तारलीची आवक २०१२ मध्ये सुमारे ३.९ लाख टन होती, २०२१ मध्ये साडेतीन हजार टनांच्याही खाली आली. नऊ वर्षांत मासळी अशी खालीवर होत असेल तर २०५० च्या रंगीत नकाशाला काय अर्थ? या समुद्राच्या तापमानवाढीवर तुमच्या पाषाणलाच आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत बरंच काम झालंय. पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत वनस्पती-प्लवक २० टक्क्यांपर्यंत घटल्याचा त्यांचा २०१६ चा अभ्यास वाचा. आधी कारणांची साखळी कळू दे, मग भाकीत.

आता जरा वेगळं. संस्थेला दोन गोष्टी ठरवायच्या आहेत आणि त्या एकाच नकाशावर ठरवू नयेत. बोटींचा वेग जिथे कमी ठेवायचा तिथे गादा आणि बोट दोघंही हवेत, म्हणजे तुमचा तो 'चुकीचा' लाल नकाशा या कामाला चांगलाच उपयोगी आहे. त्याला मॉडेलही नको, नोंदींचे ठिपके पुरे. देवबागचा निर्णय त्यावर उद्या घेता येईल. देखरेख कुठे करायची, याला मात्र उलटा नकाशा लागतो: मॉडेल 'असू शकेल' म्हणतंय पण कोणी फिरकलंच नाही, अशा जागा. तुमचा निळा पट्टा.

आकडेमोड्या

+१. शेवटचा मुद्दा विम्यातही चालतो. दावे जिथून येतात तिथेच धोका, असं धरून चालणारे साहेब मीही पाहिलेत.

कोथरूडची_केतकी

ओहोटी, हे मैत्रिणीला जसंच्या तसं पाठवलं. २०५० वर ती जरा हिरमुसली, देणगीदारांना तोच आवडला असता म्हणे. बाकी पटलंय. निळ्या पट्ट्यात ऑक्टोबरपासून ठरलेल्या रेषांवर बोट न्यायची आणि 'नाही दिसला' हेही लिहायचं, असं ठरतंय. निघाल्याची वेळ, परतल्याची वेळ, ट्रॅक आणि समुद्र किती खवळलेला होता, एवढं तरी. म्हणजे पुढच्या वर्षी ऑक्युपन्सी मॉडेल (एकाच जागेच्या अनेक फेऱ्यांवरून प्राणी तिथे असण्याची शक्यता काढणारं) लावता येईल आणि 'नव्हता' आणि 'होता पण दिसला नाही' हे वेगळं करता येईल.

खारा_वारा

काका तयार आहेत, आणखी दोघांना विचारतो. पण एक सांगतो, बोटीवर इंग्रजी फॉर्म कोणी भरणार नाही. मराठीत करा, चार-पाच खाने, बटणं मोठी. हात ओले असतात. आणि रेंज नसताना चाललं पाहिजे, निवतीच्या पुढे फोन कधी लागतो कधी नाही.

कोथरूडची_केतकी

समजलं. तर मंडळी, मदतीचा दुसरा हप्ता: ओडीके किंवा कोबो या फोनवर नोंदी भरायच्या अ‍ॅपवर असा ऑफलाइन मराठी फॉर्म कोणी केलाय का? समुद्राची स्थिती बोफर्टच्या (वाऱ्याचा जोर मोजायच्या मापाच्या) आकड्यांत न विचारता चित्रांवरून निवडता यावी, असं मनात आहे. केला असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. कोथरूड-वारजे भागात कोणी असेल तर शनिवारी बसूनच करू, चहा माझ्याकडे.