विमाने हवेत एकमेकांवर आदळण्याची भीती कितपत खरी? (सोसायटी ग्रुपवरील चर्चा)

ब-३०२, वहिनी: सर्वांना नमस्कार. पुढच्या आठवड्यात मला विमानाने मुलाकडे जायचे आहे. जानेवारी २०२३ मध्ये आपल्या ग्वाल्हेरच्या महाराजपूर वायुदल तळावरून उडालेली सुखोई आणि मिराज ही विमाने मुरैन्याकडे कोसळली, तेव्हापासून मनात धास्ती बसली आहे. लढाऊ वैमानिकांसारख्या तरबेज माणसांच्या बाबतीत असे घडते, तर प्रवासी विमानांची काय शाश्वती?

अ-१०४, निवृत्त हवाई वाहतूक नियंत्रक: वहिनी, ही तुलना मला पटत नाही. लढाऊ विमाने सरावासाठी मुद्दामच एकमेकांच्या जवळ येतात. प्रवासी विमानांच्या बाबतीत मात्र ती जवळ येऊच नयेत यासाठी सारा खटाटोप असतो. २९,००० ते ४१,००० फुटांच्या पट्ट्यात वरच्या आणि खालच्या विमानांत किमान १,००० फुटांचे अंतर ठेवतात, आणि सर्वसाधारणपणे पूर्वेकडे जाणाऱ्यांना विषम हजारांची, तर पश्चिमेकडे जाणाऱ्यांना सम हजारांची उंची देतात.

क-२०१: मग हरियाणातल्या चरखी दादरीवर दोन विमाने आदळली, तेव्हा काय झाले होते?

अ-१०४: तिथे नेमकी दिलेली उंचीच पाळली गेली नाही. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी दिल्लीहून निघालेल्या सौदी जंबोला १४,००० फुटांवर, तर दिल्लीत उतरायला येणाऱ्या कझाक विमानाला १५,००० फुटांवर राहायला सांगितले होते. कझाक विमान त्याखाली उतरले आणि ३४९ माणसे गेली. येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांचा मार्ग तेव्हा एकच होता, आणि दिल्लीच्या रडारवर विमान कुठे आहे ते दिसे, किती उंचीवर आहे ते दिसत नसे, त्यामुळे वैमानिक रेडिओवर सांगेल ती उंची खरी मानण्यावाचून नियंत्रकाला गत्यंतर नव्हते. आपल्या मध्य प्रदेशातल्या गुणा शहराचे, पुढे सरन्यायाधीश झालेले न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीत ठपका कझाक वैमानिकांवर आला. त्यानंतर दिल्लीचे मार्ग वेगळे झाले, उंची दाखवणारे रडार आले आणि विमानात टक्कर टाळणारे टीकॅस यंत्र सक्तीचे झाले. हे यंत्र आसपासच्या विमानांच्या ट्रान्सपाँडरला (विमानाची ओळख आणि उंची कळवणाऱ्या उपकरणाला) सतत विचारणा करते, आधी ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ असा इशारा देते आणि धोका वाढला तर दोन्ही यंत्रे आपसांत ठरवून एका वैमानिकाला वर, दुसऱ्याला खाली जायला सांगतात.

सचिव: काका, यंत्र एक सांगते आणि नियंत्रक दुसरेच, असे झाले तर?

अ-१०४: तसे झाले आहे. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतील युबरलिंगेनच्या आकाशात रशियन प्रवासी विमानाला यंत्र वर जा म्हणत होते आणि झ्युरिकचा नियंत्रक खाली या म्हणत होता. वैमानिकांनी नियंत्रकाचे ऐकले. समोरच्या मालवाहू विमानाने यंत्राचे ऐकले, आणि तेही खालीच येत होते. ७१ जण दगावले. त्या रात्री नियंत्रक एकटाच रडारचे दोन पडदे सांभाळत होता आणि देखभालीच्या कामामुळे फोनची मुख्य लाइन बंद होती, त्यामुळे सगळा दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारणे मला आजही योग्य वाटत नाही. तेव्हापासून मात्र नियम निःसंदिग्ध आहे: यंत्राने आदेश दिला की वैमानिकाने तोच पाळायचा, आणि वैमानिकाने तसे कळवल्यावर नियंत्रकाने त्याच्या आड येणारी सूचना द्यायची नाही.

ब-३०२, वहिनी: म्हणजे आता भीतीचे कारण उरले नाही म्हणायचे का?

अ-१०४: उंचावर फारच थोडे उरले आहे. धोका आहे तो जमिनीलगत. २९ जानेवारी २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये धावपट्टीवर उतरू पाहणारे प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर यांची टक्कर होऊन ६७ जण गेले. जमिनीपासून साधारण १,००० फुटांच्या खाली टीकॅसचे वर-खाली जाण्याचे आदेश बंद असतात, कारण तेवढ्या उंचीवर ‘खाली जा’ हा आदेशच घातक ठरेल. तिथे सारी भिस्त नियंत्रकावर आणि वैमानिकाच्या डोळ्यांवर असते, आणि रात्री शहराच्या दिव्यांमधून दुसऱ्या विमानाचा दिवा ओळखणे सोपे नसते.

सचिव: मग आपल्याकडे लढाऊ आणि प्रवासी विमाने एकाच तळावरून उडतात, त्याचे काय?

अ-१०४: आपल्याकडे दोन्हींचे नियंत्रण वायुदलाकडेच आहे, ही जमेची बाजू. सराव चालू असेल तर प्रवासी विमानाला जमिनीवरच थांबवले जाऊ शकते. वहिनी, तशी घोषणा झाली तर घाबरू नका.

ब-३०२, वहिनी: बरे झाले सांगितलेत, भावोजी. न्यायला निघण्याआधी विमान सुटल्याची खात्री करून घे, असे मुलाला आजच कळवते.